औषधाची वेळ

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे बहुधा तीन आकडे असतात : एक, शून्य, एक. औषधाच्या दुकानातला मुलगा त्यावरून पाकिटावर पेनने दोन रेघा मारतो आणि म्हणतो, "सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर." एवढ्यावर आपले सारे औषधशास्त्र संपते. सकाळ म्हणजे किती वाजता? सफाळ्याहून पहाटेच्या गाडीने भाजीच्या पाट्या घेऊन मुंबईला जाणाऱ्या बाईची सकाळ चारला होते. बोईसरच्या कारखान्यात तिसरी पाळी करून आलेला तिचा मुलगा त्याच सुमारास घरी येण्याच्या तयारीत असतो. त्याची सकाळ दुपारी बाराला उजाडते. दोघांच्याही पाकिटावर रेघा मात्र सारख्याच.

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचा कच्चा माल तयार करणारे अनेक कारखाने आहेत. आमच्या गावातली कित्येक मुले तेथे पाळीवर जातात. औषध तयार करताना तापमान किती, वेळ किती, हे मिनिटामिनिटाने नोंदले जाते असे ती सांगतात. तेच औषध घरी आल्यावर मात्र आठवेल तेव्हा घेतले जाते, याचे मला नेहमी नवल वाटते.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. औषधशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले याचे कारण माझी आई. ती गेली सहा वर्षे आमच्या भागातील एका वृद्धाश्रमात मावशी म्हणून काम करते. संस्थेचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. आईचे शिक्षण चौथीपर्यंत. मराठी ती अडखळत का होईना वाचते. गोळ्यांच्या पाकिटावरची इंग्रजी नावे मात्र तिला वाचता येत नाहीत. मी आठवीत असल्यापासून ती नावे मी तिला मराठीत लिहून देत आले. सुटीच्या दिवशी मदतीला जाते. त्यामुळे औषध "देणे" ही क्रिया मी पुष्कळ जवळून पाहिली आहे, आणि ती वाटते तितकी सोपी नाही.

'नर्सिंग होम' या शब्दाचा आपल्याकडे एक घोटाळा आहे. आपण त्याचा अर्थ घेतो खाजगी लहान इस्पितळ : बाळंतपण, हर्नियाचे ऑपरेशन, सलाईन. इंग्लंड-अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ होतो वृद्ध आणि परावलंबी माणसांचे कायमचे राहण्याचे ठिकाण. आपल्या राज्यातला शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा १९४९ चा. त्याखालचे नियम २०२१ साली सुधारले गेले. तो मुख्यतः पहिल्या प्रकारासाठी आहे. वृद्धाश्रमांचा उल्लेख येतो तो २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात. प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा एक तरी आश्रम असावा, असे त्यात म्हटले आहे. आईच्या आश्रमातले निम्मे लोक अंथरुणाला खिळलेले आहेत. म्हणजे नावाने तो आश्रम, कामाने शुश्रूषागृह. सिस्टर दिवसा येतात, डॉक्टर आठवड्यातून दोनदा. उरलेला वेळ मावश्यांचा.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. औषधाला वेळ का लागते?

तळाला बारीक भोक असलेली घागर डोळ्यांसमोर आणा. वरून तांब्याने पाणी ओतावे, खालून ते झिरपत राहावे. घागर अर्धी राहिली पाहिजे अशी अट असेल तर भोकाच्या आकाराप्रमाणे पुन्हा पाणी ओतावे लागेल. शरीर हे असेच झिरपणारे भांडे आहे. यकृत आणि मूत्रपिंडे औषध बाहेर टाकत असतात. रक्तातले औषध निम्म्यावर यायला जो काळ लागतो त्याला त्या औषधाचा अर्धायुकाल म्हणतात. तो औषधागणिक निराळा. पेनिसिलिनचा अर्धायुकाल जेमतेम अर्ध्या तासाचा. म्हणून १९४० च्या दशकात ते नवे होते तेव्हा रुग्णाला रात्रंदिवस दर तीन तासांनी उठवून टोचावे लागे. पुढे सावकाश विरघळणारे प्रकार निघाले तेव्हा रुग्ण आणि परिचारिका दोघांनाही झोप मिळू लागली. याउलट थायरॉइडची गोळी. तिचा अर्धायुकाल जवळजवळ सात दिवसांचा. ती सहाऐवजी सातला घेतली म्हणून काही आकाश कोसळत नाही. पण ती चहाबिस्किटांबरोबर किंवा लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर आतड्यातून नीट शोषलीच जात नाही. तिला रिकामे पोट हवे आणि पुढे अर्धा-एक तास काही न खाणे हवे.

म्हणजे "वेळ" हा एकच शब्द असला तरी त्याचे अर्थ दोन आहेत. एक घड्याळाची वेळ, दुसरी जेवणाशी असलेल्या नात्याची वेळ. गंमत अशी की हा दुसरा अर्थ आपल्याकडे फार जुना आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात औषध घेण्याचे दहा काळ सांगितले आहेत : रिकाम्या पोटी, जेवणाच्या आरंभी, जेवणाच्या मध्ये, शेवटी, दोन घासांच्या मध्ये, घासाघासाबरोबर, पुन्हा पुन्हा, अन्नात कालवून, जेवणाच्या आधी आणि नंतर दोन्हीकडे, आणि रात्री झोपताना. माझ्या आजीला यातले नाव एकाचेही ठाऊक नव्हते. पण कोणता काढा उपाशीपोटी आणि कोणते चाटण जेवल्यावर, यात ती कधी चुकत नसे. घड्याळाची वेळ मात्र आपल्या अंगवळणी पडलेली नाही.

ती किती महत्त्वाची असते हे मी गुरुजींच्या बाबतीत पाहिले. गुरुजी म्हणजे आश्रमातले एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांना कंपवात आहे. मेंदूतील डोपामिन नावाचे द्रव्य कमी पडल्याने हा विकार होतो. त्यावरचे मुख्य औषध लेव्होडोपा. ते जोडगोळीत मिळते. सोबतचे दुसरे औषध त्याला मेंदूपर्यंत सुखरूप पोहोचवते. एवढे करूनही त्याचा अर्धायुकाल दीड तासाच्या आसपासच असतो. आजार नवा असताना मेंदू थोडा साठा राखून असतो, म्हणून गोळी इकडेतिकडे झाली तरी चालते. आजार जुना झाला की साठा संपतो आणि माणूस गोळीच्या तालावर जगू लागतो. गुरुजींच्या गोळ्या सहा, दहा, दोन आणि सहा अशा चार वेळांच्या. दहाची गोळी वेळेवर मिळाली तर साडेदहाला ते स्वतः उठतात, वर्तमानपत्र वाचतात, आईला "मावशी, मुलीचा अभ्यास कसा चालला आहे?" असे विचारतात. तीच गोळी अकराला मिळाली तर त्या मधल्या तासात ते लाकडासारखे ताठ होतात. पाणी गिळता येत नाही. डोळे तेवढे हलतात. बघणाऱ्याला वाटते, म्हातारा हट्टाला पेटला आहे.

मला स्वतःला या प्रकारातली सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट हीच वाटते. औषधाच्या उशिराचे खापर रोग्याच्या स्वभावावर फुटते. गुरुजींना "नाटकी" म्हणणारी माणसे मी ऐकली आहेत. इंग्लंडमध्ये कंपवाताच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या पार्किन्सन्स यूके या संस्थेने २००६ पासून 'गोळी वेळेवर द्या' अशा अर्थाची मोहीमच चालवली आहे. तिकडे एवढी परिचारिकांची फौज असून तेथेही हेच दुखणे आहे, हे कळल्यावर मला जरा धीर आला हे कबूल केले पाहिजे.

गुरुजींच्या दोनच्या गोळीची आणखी एक अडचण होती. लेव्होडोपा आणि प्रथिने आतड्यातून रक्तात शिरण्यासाठी एकाच दारात गर्दी करतात. आश्रमात जेवण दीडला. बुधवारी बोंबील किंवा अंडी, इतर दिवशी घट्ट डाळ. जेवून उठल्यावर लगेच घेतलेली गोळी दाराबाहेर ताटकळत राही. सिस्टरांनी डॉक्टरांना विचारून त्यांचे जेवण साडेबाराला घेतले आणि अंडी-मासे रात्रीवर ढकलले. औषध तेच, मात्रा तीच. दुपारी गुरुजी चालू लागले.

आता याच्या नेमकी उलटी एक गोष्ट सांगते, कारण "वेळेवर" या शब्दाचे देव्हारे माजवू नयेत असे मला वाटते. दुसऱ्या एका संस्थेत आईची एक ओळखीची बाई रात्रपाळी करीत असे. तेथील एका आजींना जेवणापूर्वी अर्धा तास इन्सुलिन असे. त्या संध्याकाळी साडेसातला तिने इन्सुलिन अगदी वेळेवर दिले. स्वयंपाकघरात मात्र गॅसची टाकी संपली होती. जेवण यायला नऊ वाजले. आजींना दरदरून घाम आला, बोलणे असंबद्ध झाले. गिळता येत होते तोवर कोणीतरी साखरपाणी पाजले म्हणून त्या वाचल्या. (माणूस बेशुद्ध झाल्यावर तोंडात काही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. अशा वेळी गाठायचे ते इस्पितळ.) दुसऱ्या दिवशी त्या बाईला कामावरून काढले. टाकीची चौकशी कोणी केली नाही. इन्सुलिनची वेळ ही घड्याळाची नसते, ताटाची असते. ताट समोर दिसल्याशिवाय सुई नको, हे त्या बाईला कोणी शिकवलेच नव्हते.

उपासाच्या दिवशी हाच धोका निराळ्या वाटेने येतो. आमच्या आश्रमातल्या आजी चतुर्थी, एकादशी सोडत नाहीत. मधुमेहाच्या काही गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडतात; पोटात अन्न असो वा नसो. उपास आहे हे औषध देणाऱ्याला माहीत नसेल तर नियमित गोळी अंगावर येते. रमजानच्या महिन्यात रोजे धरणाऱ्या मधुमेहींना डॉक्टर आधीच वेळा आणि मात्रा बदलून देतात. आपल्याकडे चतुर्थीचे मात्र कोणी डॉक्टरांना सांगत नाही. त्यात काय सांगायचे, असे वाटत असावे.

औषध देणाऱ्याने रोग्यावर देखरेख ठेवावी का, हा प्रश्न आपल्या देशात एकदा फार गंभीरपणे विचारला गेला होता. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोगाच्या औषधोपचारांचे एक केंद्र निघाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून ते काढले. वॉलेस फॉक्स हे ब्रिटिश डॉक्टर त्याचे पहिले प्रमुख. त्या काळी क्षय म्हणजे आरोग्यधाम, हे समीकरण पक्के होते. आपल्याकडे मिरज, पाचगणी ही नावे त्याच संदर्भात घेतली जात. मद्रासच्या केंद्राने १९३ रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्या तशा पद्धतीने निम्म्यांना आरोग्यधामात ठेवले आणि निम्म्यांना त्यांच्या झोपडीत. दोघांनाही वर्षभर तीच औषधे. आरोग्यधामात अन्न चांगले, हवा चांगली, विश्रांती भरपूर. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि ते जवळजवळ सारखेच निघाले! घरच्या माणसांना लागण होण्याचा धोकाही घरी उपचार केल्याने वाढला नाही. हवेपेक्षा औषध नियमित पोटात जाणे महत्त्वाचे, हे जगाला मद्रासच्या झोपड्यांनी शिकवले.

पण ते पोटात जाते की नाही हे कळणार कसे? त्या केंद्रातले लोक अचानक घरी जाऊन गोळ्या मोजत, लघवी तपासत. रोगी खोटे बोलतो असे त्यांना म्हणायचे नव्हते. बरे वाटू लागले की माणूस औषध विसरतो, एवढेच. त्यातून पुढे समोर उभे राहून गोळी गिळवण्याची पद्धत निघाली. तीच १९९७ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात 'डॉट्स' म्हणून देशभर पसरू लागली. आपल्या पाड्यापाड्यांतून आशाताई हे काम करताना दिसतात. सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस असलेली औषधे २०१७ पासून सर्वत्र रोजची झाली. मधल्या काळात एक युक्तीही निघाली : गोळ्यांच्या पाकिटावर असा कागद चढवायचा की गोळी बाहेर काढली की मागे दडलेला फोनचा आकडा दिसावा, आणि रुग्णाने त्यावर फुकट फोन लावावा. फोन आला म्हणजे निदान गोळी निघाली. ती गिळली की नाही हे अर्थात फोनला कळत नाही.

आमच्या वर्गातल्या एका मित्राचे म्हणणे असे की, मोठ्या माणसाच्या समोर उभे राहून "तोंड उघडा, दाखवा" म्हणणे हा त्याचा अपमान आहे. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. मी आईला पाहते तेव्हा मात्र मला त्याचे म्हणणे अपुरे वाटते. ती गोळी हातावर ठेवते, पाण्याचा पेला देते आणि पलंगाच्या कडेला टेकून "सून आली होती का काल?" असे काहीतरी विचारते. उत्तर द्यायचे तर गोळी गिळावी लागते. पहाराही झाला आणि विचारपूसही.

परिचारिकांच्या शिक्षणात पाच योग्य गोष्टी शिकवतात : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. पहिल्या चार गोष्टी सावकाशपणा मागतात आणि पाचवी घाई मागते. येथेच खरी ओढाताण आहे. आईच्या मजल्यावर बत्तीस माणसे. प्रत्येकाला सकाळच्या गोळ्या द्यायला नुसती दोन मिनिटे धरली तरी चौसष्ट मिनिटे होतात. आणि ज्याला उठवून बसवायचे, कवळी घालायची, त्याला दोन मिनिटे कशी पुरणार? आठला सुरू केले तर शेवटच्या पलंगापाशी सव्वानऊ. अमेरिकेतही हा हिशेब जुळला नाही. तेथे इस्पितळांत प्रत्येक औषध नेमल्या वेळेच्या अर्ध्या तासाच्या आतबाहेर दिलेच पाहिजे असा दंडक होता. तो पाळण्यासाठी परिचारिका घाई करू लागल्या, न दिलेल्या औषधाची आधीच नोंद करू लागल्या. हजारो परिचारिकांनी ही तक्रार मांडली तेव्हा २०११ साली तो दंडक सैल झाला. औषधसुरक्षेचे काम करणाऱ्या तेथील एका संस्थेने त्याच वर्षी असे सुचवले की, आधी खरोखर वेळेला बांधलेली औषधे वेगळी काढा. त्यांनाच अर्ध्या तासाची मर्यादा ठेवा. दिवसातून अनेकदा द्यायच्या साध्या औषधांना एक तास इकडेतिकडे चालेल, दिवसातून एकदाच्यांना दोन तास.

हे वाचले तेव्हा मला फार बरे वाटले, कारण आईने हेच तिच्या पद्धतीने केले होते. तिच्या ट्रेमध्ये लाल दोरा बांधलेल्या डब्या असतात : गुरुजींची, फिट येणाऱ्या एका काकांची, आणि जेवणाआधी साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांची. त्या ठरल्या वेळेला आधी जातात. रक्तदाबाच्या, जीवनसत्त्वांच्या डब्या मागाहून, ओळीने.

डब्यांची पद्धत मला स्वतःला पूर्ण पसंत नाही. गोळी पाकिटातून निघाली की तिचे नाव गेले. संधिवातावर मेथोट्रेक्सेट नावाची एक पिवळसर लहान गोळी असते, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. कोणी चुकून रोज दिली तर थोड्या दिवसांत तोंड सोलते, रक्तपेशी घटतात, माणूस दगावू शकतो. अशी गोळी इतरांच्या डबीत नकोच; ती सिस्टरांच्या कपाटात, वार लिहून. दुसरा प्रकार खलबत्त्याचा. गिळता येत नाही म्हणून म्हाताऱ्यांना गोळी कुटून मधातून देण्याची आपल्या घराघरांतून चाल आहे. पण ज्या गोळीच्या नावापुढे एस.आर. किंवा ई.आर. अशी अक्षरे असतात ती मुद्दाम सावकाश विरघळेल अशी केलेली असते. ती कुटली की बारा तासांचे औषध एका घटकेत रक्तात उतरते. ही दोन अक्षरे मी आईला इंग्रजीतच ओळखायला शिकवली. ती आता बरोबर ओळखते, आणि ओळखल्यावर मोठ्याने वाचते.

गेल्या दिवाळीच्या सुटीत सिस्टर, आई आणि मी अशा तिघींनी मिळून आश्रमाचा तक्ता मराठीत केला. औषधाचे नाव देवनागरीत, शेजारी पाकिटाचा कापलेला तुकडा चिकटवलेला, पुढे घड्याळाची वेळ आणि जेवणाच्या आधी की नंतर याचे ताटाचे चित्र. शेवटचा रकाना सहीचा. सही गोळी गिळल्यावर करायची, आधी नाही. गोळी दिली नाही तर रकाना कोरा न ठेवता कारण लिहायचे : झोपले होते, उलटी झाली, नको म्हणाले. पहिल्या आठवड्यात मावश्या सही करायला कचरत होत्या. त्यांची भीती खोटी नव्हती. सही केली की जबाबदारी आपल्यावर येते आणि पगार तर तेवढाच राहतो, असे एकीने स्पष्ट बोलून दाखवले. व्यवस्थापकांशी बोलून सिस्टरांनी तक्त्याच्या खाली स्वतःची सही करायला सुरुवात केली, तेव्हा कोठे गाडी पुढे सरकली. इन्सुलिन मावश्यांनी द्यायचे नाही, हेही त्याच वेळी ठरले.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. डॉक्टरांनी गुरुजींना रात्री दहाची एक गोळी वाढवली आहे, कारण पहाटे त्यांना कूस बदलता येत नाही. सिस्टर सहाला जातात. आई आठला निघते. रात्रपाळीला एकच मावशी असते आणि तिच्याकडे दोन मजले आहेत. सध्या गुरुजींच्या शेजारच्या पलंगावरचे काका गजर लावून उठतात आणि त्यांना गोळी देतात. काकांचे वय ८१ आहे. तक्त्यावर त्यांची सही चालेल का, हे सिस्टर डॉक्टरांना विचारणार आहेत.